रे. टिळकांची रक्षा आणि प्रभूची कबर

गेल्या पावसाळ्यात नांदेडकडील एका खेड्यातील मंडळीस भेट देण्याचा योग आला. उपासना संपल्यावर एक विधवा बहीण मागे थांबली. तिचा पती भाद्रपदात तापाने वारला होता. त्या रात्री ओढ्यास पूर आलेला, आणि ज्या गायरानाच्या कडेस आपले लोक प्रेते पुरीत असत तेथे गावकऱ्यांनी अडथळा केलेला. शेवटी भावकीतील मंडळींनी, जी अद्याप ख्रिस्ती नाहीत, उंचवट्यावर लाकडे रचून देहास अग्नी दिला. पुढे कोणा उपदेशकाने त्या बाईस सांगितले की प्रभू स्वतः कबरेत ठेविला गेला, म्हणून जो पुरला जातो तोच त्याच्याबरोबर उठेल. जळालेल्याविषयी काही सांगता येत नाही. तेव्हापासून तीन वेळा प्रभुभोजन झाले, परंतु ती मेजाजवळ आली नव्हती. तिचा प्रश्न एवढाच होता की आपला धनी उठेल की नाही.

आम्ही तिला शास्त्रातील वचने दाखविली व प्रार्थना केली, पण तिचे मन निवाले असे दिसले नाही. परत येताना मोटारीत बसल्याबसल्या आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आठवण झाली. ज्यांची भजने आपण दर रविवारी गातो त्या टिळकांचा देहही पुरला गेला नाही, तो जाळण्यात आला, आणि तोही त्यांच्याच इच्छेने. ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळांस ठाऊक नाही. म्हणून त्या बहिणीकरिता व तिच्यासारख्या इतरांकरिता हे चरित्र येथे लिहीत आहो.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव तापट व करडे. आई जानकीबाई मायाळू, भक्तिमान व काव्याची आवड असलेली. आईचा लळा नारायणास फार होता. तो लहान असतानाच ती वारली आणि त्याचे घरावरचे मन उडाले. घर सोडून तो नाशिकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृत शिकला. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्याचे लग्न झाले. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आली. लग्नानंतरही टिळकांचे पाऊल एका जागी ठरले नाही. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा एखाद्या धनिकाच्या पदरी शास्त्री, असे त्यांचे आयुष्य चालले होते. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. देश सुधारावा, जातिभेद मोडावा, खरा धर्म सापडावा, ह्या तळमळीने त्यांस स्वस्थ बसू दिले नाही.

1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांस एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने त्यांस नवा करार दिला व तो वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी येऊन खिळून गेले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या पुष्कळ शंकांची उत्तरे दिली. तरीही लगेच पाऊल उचलले नाही; दोन वर्षे मनाशी झगडले. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्या प्रसंगी एक गोष्ट त्यांनी मुद्दाम केली, ती आपण ध्यानी घ्यावी. पाण्याचा तो संस्कार त्यांनी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रे. तुकाराम नाथोजी ह्या आपल्याच देशबांधवाच्या हातून घेतला. ब्राह्मणाच्या मस्तकावर कोणाच्या हाताने पाणी पडावे हा त्या काळी लहान प्रश्न नव्हता.

बाप्तिस्म्याने घर मोडले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांकडे राहिल्या व सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी विभक्त होती. त्या वर्षांतील त्या माउलीचे दुःख तिने स्वतः ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात लिहिले आहे. ज्यास वाचता येते त्याने तो ग्रंथ अवश्य वाचावा, व ज्यास येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. पुढे ती पतीकडे परत आली, परंतु सोवळे सोडून नव्हे. आपले पाणी निराळे, चूल निराळी, स्वयंपाक निराळा. टिळकांनी तिला बळजबरी केली नाही. तिची चूल तिला मांडू दिली आणि वाट पाहिली. माणूस माणसाच्या स्पर्शाने विटाळतो हे खरे नव्हे, असे एके दिवशी तिचे तिलाच उमगले आणि तिने सोवळे टाकून दिले. 1900 साली तिचाही बाप्तिस्मा झाला.

आता टिळकांचा मुक्काम अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे पडला. अमेरिकन मराठी मिशनच्या कामात ते धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत, खेड्यांत कीर्तने करीत, गीते रचीत. पुढे त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 1912 पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांजकडे होते. ज्यांच्या सावलीस त्यांचे वाडवडील उभे राहिले नसते अशा महार-मांग बंधूंच्या घरी ते बसले, जेवले, त्यांच्या मुलांस त्यांनी अक्षरे शिकविली. नगरास प्लेगची साथ आली तेव्हा सख्खे सोयरे रोग्यास टाकून पळत असत. त्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली. गाठीने सुजलेला, तापाने बरळणारा, घाण झालेला देह हाताने उचलून पुसणे म्हणजे काय हे ज्याने केले आहे त्यासच कळेल. जी बाई काही वर्षांपूर्वी आपले पाणी इतरांच्या हातास लागू देत नव्हती तिचे हे हात होते.

टिळकांस फुले आणि मुले फार प्रिय, म्हणून महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. शाळेत गेलेल्या पुष्कळांनी त्यांची पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची कविता पाठ केली असेल. तीत त्या पाखराचा रक्ताने माखलेला देह कवीने किती जिव्हाळ्याने पाहिला आहे! आमचे काही उपदेशक प्रेतसंस्काराच्या वेळी देहाची निंदा करितात. देह म्हणजे फाटके वस्त्र, देह म्हणजे पिंजरा, पाखरू उडाले आता पिंजऱ्याचे काय, असे ते बोलतात. ही भाषा आपल्या देशात जुनी व कानास गोड आहे, पण ती ख्रिस्ती नव्हे असे आमचे मत आहे. टिळक तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले होते, आणि तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो हे ते मोकळेपणी सांगत. तरी पण देव देहधारी झाला हे मानल्यावर देहास तुच्छ म्हणण्याची सोय उरत नाही.

ह्याच नगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा खानदेशातील तरुण कवी पुत्रासारखा राहिला. बालकवी ह्या नावाने तो सर्वांस माहीत आहे. टिळक पतिपत्नींनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्याने व्हावे म्हणून ह्या घराची माया कमीजास्त झाली नाही. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी तो आगगाडीखाली सापडून मरण पावला. त्याचे वय तेव्हा अठ्ठावीसही नव्हते. अशा मरणात देहाची काय अवस्था होते हे सांगावयास नको. टिळकांस हा घाव किती लागला असेल, आणि मनुष्याच्या देहाविषयी त्यांनी त्या दिवसांत काय विचार केला असेल, हे वाचकांनीच जाणावे.

त्याआधी 1917 साली टिळकांच्या आयुष्यात आणखी एक मोठा फेरा आला. मिशनच्या पगारी नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जो कोणी ख्रिस्तास गुरू मानून त्याच्यामागे चालू इच्छितो त्या सर्वांस तेथे जागा होती. ह्यावर मंडळ्यांत पुष्कळ वाद झाला. आमचे स्वतःचे मत विचाराल तर बाप्तिस्म्यास गौण करणे आम्हांस पटत नाही. परंतु टिळकांच्या हेतूविषयी शंका घेणारा मनुष्य त्यांस ओळखत नव्हता एवढे आम्ही म्हणू. ख्रिस्त ह्या देशात परक्याच्या पोशाखाने फिरू नये, आपल्या लोकांस तो आपल्यातलाच दिसावा, ही त्यांची जन्माची आस होती. म्हणून भजन, म्हणून कीर्तन, म्हणून भगवे वस्त्र.

दरबाराचे काम नीट उभे राहण्याआधीच प्रकृती ढासळली. त्यांस मुंबईस आणले गेले आणि तेथे 9 मे 1919 रोजी ते ख्रिस्तवासी झाले. त्यांची इच्छा अशी होती की आपला देह पुरू नये, त्याचे दहन करावे. त्याप्रमाणे मुंबईत देहास अग्नी देण्यात आला, आणि मागून त्यांची रक्षा नगरास नेऊन ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरण्यात आली. तेथे त्यांचे थडगे आहे.

त्या काळच्या ख्रिस्ती समाजास हे विलक्षण वाटले. परदेशातही तेव्हा ख्रिस्ती लोकांत दहन विरळा होते. रोमी मंडळीने तर 1886 साली आपल्या लोकांस त्याची मनाई केली होती, ती 1963 साली उठविली. मग टिळकांनी असे का केले? आम्हांस वाटते की ज्या आशेने त्यांनी भगवे वस्त्र घेतले त्याच आशेने हेही केले. आपल्या ब्राह्मण सोयऱ्यांस शेवटच्या क्षणीही आपण परके वाटू नये, असे त्यांस वाटले असावे.

ह्यावर आपल्याकडील कोणी म्हणेल की पुरणे ही साहेबाची रीत, जाळणे ही देशी रीत. परंतु लातूर-नांदेडच्या मनुष्याने असे कसे म्हणावे? आपल्या गावोगावचे लिंगायत बंधू आपले मृत बसवून पुरतात. मुसलमान बंधू पुरतात. आपल्या वाडवडिलांतही प्रभूचे नाव कानी येण्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी पुरण्याचीच चाल होती. दुसरीकडे नांदेड शहरातच शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या देहाचे 1708 साली जेथे दहन झाले ते स्थान सचखंड हुजूर साहिब येथे आजवर पूज्य मानिले जाते. तेव्हा माती व अग्नी ह्या दोन्ही रीती आपल्याच मुलखातल्या आहेत, आणि प्रेमाने केल्या तर दोहोंतही मृताचा मान राहतो.

मग प्रभूची कबर आपणांस काय शिकविते? वधस्तंभावर मेलेल्यांची प्रेते रोमी लोक बहुधा तशीच सोडीत, कावळ्या-कुत्र्यांनी खावीत म्हणून. शिष्य पळालेले. अशा वेळी अरिमथाईचा योसेफ, जो धनवान व मानाच्या सभेचा सभासद होता, तो पिलाताकडे गेला व त्याने प्रेत मागितले. रात्रीचा भेटावयास आलेला निकदेम आता उजेडी आला आणि शंभर रत्तल गंधरस व अगरू घेऊन आला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे प्रेतास शिवणारा सात दिवस अशुद्ध होई, आणि दाराशी तर वल्हांडण सण उभा होता. म्हणजे ह्या दोघा थोर गृहस्थांनी आपले सोवळे त्या शुक्रवारी संध्याकाळी जाणूनबुजून घालविले. त्यांनी खिळे उपटले असतील, रक्त पुसले असेल, तागाचे वस्त्र गुंडाळले असेल. कबर योसेफाच्या स्वतःकरिता खोदलेली, नवी, बागेतली होती.

बंधूंनो, ह्या वृत्तांताचे मोल आपणांस इतरांहून अधिक कळावे. गावकीच्या कामात आपल्या आज्या-पणज्यांस सरणाची लाकडे वाहणे, मरणाची बातमी परगावी पोचविणे, बेवारशी प्रेत पुरणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे लाविलेली होती. मृत देहाशी आपला संबंध विटाळाचा ठरला होता, आणि जिवंतपणीही आपला देह शिवण्यास अयोग्य ठरला होता. देवाचा पुत्र अशाच शिवू नये अशा प्रेताच्या रूपाने दोघांच्या हाती आला आणि त्यांनी त्यास मानाने शिवले. आपल्या विश्वासांगीकारात तो मेला ह्यापुढे तो पुरला गेला हे निराळे म्हटले आहे. आपला प्रभू मेल्यासारखा झाला नाही, खराच मेला. त्याचा देह आपल्या देहासारखाच जड, थंड व परस्वाधीन झाला. आणि त्या देहास देवाने टाकून दिले नाही.

जळालेल्या देहाचे काय, असे त्या बहिणीने विचारले. प्राचीन मंडळीपुढे हाच प्रश्न आला होता. इ. स. 177 मध्ये फ्रान्समधील ल्योन शहरी विश्वासणाऱ्यांस ठार करून त्यांची प्रेते जाळण्यात आली व राख रोन नदीत टाकण्यात आली; पुनरुत्थानाची आशाच त्यांस उरू नये हा शत्रूंचा डाव होता. मंडळी रडली, परंतु आपले हुतात्मे हरवले असे तिने कधी मानिले नाही. त्याच शतकात स्मुर्णा येथे वृद्ध पॉलिकार्प यास जाळले, तेव्हा बंधूंनी त्याच्या अस्थी वेचून मानाने ठेविल्या. आणि त्याहून जुने पाहावे तर शौल राजाचा देह पलिष्ट्यांनी भिंतीवर टांगला असता याबेश-गिलादचे शूर लोक रात्रभर चालून गेले, त्यांनी तो उतरविला, जाळला आणि अस्थी झाडाखाली पुरल्या. आधी अग्नी, मग माती, जसे पुढे टिळकांचे झाले. शास्त्राने त्यांस दोष दिला नाही. दाविदाने तर त्यांस आशीर्वाद दिला.

लातूरच्या लोकांस आणखी सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. पाऊस पडत होता, लाकडे पुरत नव्हती, एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. कोणाची राख कोणाची हे मनुष्यास सांगता येईना. ज्याने मातीपासून मनुष्य घडविला त्यास ते सांगता येत नाही असे कोण म्हणेल?

आमची स्वतःची निवड विचाराल तर ती पुरण्याची आहे. ज्वारीचा दाणा काळ्या मातीत घालून वाट पाहणाऱ्या लोकांस पौलाने करिंथकरांस दिलेला बियांचा दृष्टांत कबरेपाशी आपोआप समजतो, आणि प्रभूच्या वाटेने जावे असे आम्हांस वाटते. टिळकांनी केले म्हणून आपणही करावे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्यापैकी कोणी टिळकांचे गीत ओठांवर घेऊन एखाद्या विधवेस तिचा पती उठणार नाही असे सांगू नये.

टिळकांच्या चरित्रातील एक गोष्ट सांगावयाची राहिली. 1909 साली त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध रचण्यास आरंभ केला होता. ते ‘ख्रिस्तायन’. त्यांच्या हातून आरंभीचे थोडेच अध्याय झाले. प्रभूच्या मरणापर्यंत व कबरेपर्यंत ते पोचलेच नाहीत. उरलेले बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेली, पतीपाशी घरीच अक्षरे शिकलेली ती बाई वृद्धापकाळी ओव्या रचीत बसली आणि 1936 साली आपण जाण्याआधी तिने तो ग्रंथ जवळजवळ शेवटास नेला. तो 1938 साली छापून निघाला. ज्याचा देह अग्नीस दिला त्या पतीने जेथे लेखणी ठेविली तेथून पुढे, योसेफाने प्रभूस कबरेत ठेविले तो प्रसंग व त्यानंतरची पहाट ह्या विधवेनेच लिहिली.

मागील महिन्यात आम्ही पुन्हा त्या खेड्यास गेलो. टिळकांची ही हकीकत त्या बहिणीस सांगितली, याबेशच्या लोकांचीही सांगितली. तिने लुगड्याच्या पदरात बांधलेली एक पुरचुंडी काढली. चिता विझल्यावर तिने अस्थींचे चार तुकडे वेचून घरी आढ्यास टांगून ठेविले होते, आणि मंडळीच्या भयाने कोणास सांगितले नव्हते. तिच्या दिराच्या शेताच्या बांधावर, लिंबाच्या झाडाखाली, हातभर खड्डा खणून आम्ही त्या पुरल्या. मंडळीतील सोळा जण होते. तो उपदेशकही आला होता, आणि खड्डा त्यानेच खणला.